खडीयंत्राचा जबडा

"आज छडा लावायचाच!" ढिगाऱ्याआड सरपटत विनया म्हणाली.

"आणि बन्नेसिंगनं पकडलं तर?" मुकुंदनं विचारलं.

"तर तू रड, मी पळते!"

जयपूरच्या झालाना डोंगराखाली खडीयंत्र होतं. त्याच्या लोखंडी जबड्यात धोंडे कडाकडा फुटायचे आणि खाली खडी नि कच गळायची. दगड अडकला की इंजिन थांबवायचं आणि आत उतरणाऱ्यानं इंजिन सुरू करायचं हँडल कमरेला खोचून न्यायचं, ही तिथली रीत. हँडलच आत, मग इंजिन सुरू कोण करणार?

तरीही गेल्या आठवड्यात देवरामचा हात चिरडला! "हँडल बाहेरच विसरला, मूर्ख!" मुकादम बन्नेसिंगनं ठोकून दिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. इस्पितळात विनयाच्या डॉक्टर बाबांनीच तो हात कापला. देवराम मात्र एकच घोकत होता, "बिटिया, हँडल मेरी कमर में था!" हात गेला तो गेला, वर खोटारडा ठरला! विनयाच्या जिवाची आग आग होत होती.

एकाएकी खडखडाट थांबला. दगड अडकला होता. भंवर नावाचा गडी हँडल खोचून जबड्यात उतरला. बन्नेसिंगनं इकडेतिकडे पाहिलं आणि एका पोत्याखाली हात घातला.

"ताई! दुसरं हँडल!"

"भंवरभैया, बाहर निकलो!" विनया किंचाळत धावली. पण इंजिन धडधडलं आणि तिचा आवाज त्यात बुडाला. पट्टा अजून रिकाम्या चाकावर फिरत होता. शेजारच्या चाकावर सरकला की जबडा मिटणार!

बन्नेसिंगनं दगड भिरकावला. विनयाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मुकुंदनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

"मार डालूँगा!" त्यानं मुकुंदला खडीवर आपटलं आणि पोटात लाथ हाणली.

इंजिनाच्या हादऱ्यांनी पट्टा आपोआप सरकू लागला. इंजिनालाही श्वास लागतो, एवढं विज्ञान विनयाला ठाऊक होतं. तिनं पोतं उचललं आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर सगळा भार टाकून दाबलं. काळा धूर! इंजिन दोनदा गचकलं आणि बंद पडलं.

भंवर वर आला. एक हँडल त्याच्या कमरेला, दुसरं बन्नेसिंगच्या हातात! गड्यांनी मुकादमाला फावड्याच्या दांड्यांनी असं बडवलं की त्याचे दोन दात खडीत पडले.

"इंजन गरम रखता था, बस! टाइम बचता था!" तो भेकत होता.

विनयाच्या कपाळाला टाके घालताना बाबा कडाडले, "अक्कल घरी ठेवून गेला होतात का रे?" मग शेवटच्या टाक्याची गाठ मारून म्हणाले, "शाब्बास, पोरांनो! मला जे विचारायला हवं होतं, ते तुम्ही शोधलंत."

संध्याकाळी सगळे गडी देवरामच्या खाटेभोवती जमले. "माफ कर दे, भाई," भंवर म्हणाला, "हमने झूठ मान लिया."

 देवरामनं उरलेल्या हातानं भंवरचे दोन्ही हात बोटांपर्यंत चाचपून पाहिले आणि मगच तो रडला.