पत्रकातली पाचवी पायरी

तो पहिल्यांदा आला तेव्हा खरं तर काउंटरवर मी असायलाच नको होते. माझी जागा मागच्या खोलीत. लोकांनी परत केलेल्या वस्तू तपासायच्या, बिघाड आहे की नाही ते लिहायचं, खाली सही करायची. गिऱ्हाइकाचं तोंड बघायची वेळ माझ्यावर येत नसे, आणि त्याची मला खंतही नव्हती. पण त्या मंगळवारी काउंटरवरचे काका डोळे तपासायला गेले होते, आणि दुपारी साडेतीनला दार ढकलून तो आत आला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, नखांत माती, आणि आमच्याच दुकानाचा खोका दोन्ही तळव्यांवर... कुंडीतलं रोप धरावं तसा.

"हा चालू होतो," तो म्हणाला, "पण माझं ऐकत नाही."

मी फॉर्म पुढे केला. 'परत करण्याचे कारण' या रकान्यात त्याने तेच वाक्य लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

खोक्यात होता एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक. तळहाताएवढा, हिरवा, उघडा. नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिनक्स ही प्रणाली उतरवायची, कार्ड बोर्डाच्या पोटात सरकवायचं, स्क्रीन आणि कीबोर्ड जोडायचे आणि सगळ्यात शेवटी वीज द्यायची. तांबडा दिवा लागतो, हिरवा लुकलुकतो, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात आणि यंत्र जागं होतं. नवख्यांसाठी आम्ही सोबत एक पत्रक देतो. एक पान, सहा पायऱ्या. ते मी लिहिलेलं. तीन वर्षांत त्यात कानामात्रेचाही बदल करावा लागला नाही, हे मी कुणी न विचारताही सांगत असे.

मी त्याला माझे ठरलेले प्रश्न विचारले. तांबडा दिवा लागतो? लागतो. हिरवा? आधी भरभर लुकलुकतो, मग सावकाश. ओळी येतात? येतात, आणि शेवटी थांबतात. उत्तरं इतकी नेमकी होती की मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता. मी पुन्हा फॉर्ममध्ये डोकं घातलं.

"इतकं बारीक कुणी बघत नाही," मी म्हटलं.

"माझं कामच बघायचं आहे. नेच्यांना कुठे सांगता येतं, काय दुखतंय ते."

तो सार्वजनिक बागेतल्या काचघराचा माळी होता. आत चारशे दहा नेचे, म्हणजे फर्न. काचघर उबदार ठेवणारं यंत्र जुनं झालं होतं. पहाटे ऊब कमी पडे आणि कोवळी, गुंडाळलेली पानं उलगडायच्या आधीच काळी पडत. नवं यंत्र मागितलं, तर बागेच्या कार्यालयाने पुरावा मागितला. येत्या एक तारखेपासून महिनाभर, दर पंधरा मिनिटांनी तापमानाची नोंद, आणि ती यंत्राने घेतलेली. त्याची हातानं लिहिलेली वही त्यांनी परत पाठवली होती. नोंद मिळाली नाही तर काचघर बंद होणार होतं आणि तिथे उपाहारगृह येणार होतं. एक तारीख तेरा दिवसांवर होती.

मी बोर्ड मागे नेला, माझं तपासणीचं कार्ड घातलं. एकोणीस सेकंदांत सुरू झाला. 'दोष आढळला नाही,' मी लिहिलं, आणि नियमाप्रमाणे त्याला बदलून दुसरा दिला.

पुढच्या सोमवारी काकांनी मागच्या खोलीत डोकं घातलं. "तुझा माळी आलाय."

माझा कधीपासून, असं मी विचारलं. काका म्हणाले की बोर्डाचं नाव त्याने अजून काढलेलं नाही; आल्यापासून मागच्या बाई आहेत का, एवढंच विचारतोय.

या वेळी त्याने कीबोर्डही आणला होता. रकान्यात लिहिलं होतं: 'आजही ऐकत नाही.' मी दोन्ही तपासले. दोन्ही ठणठणीत. काउंटरवर त्याच्या देखत बोर्ड सुरू करून दाखवला, तेव्हा तो जरा वाकला. ओल्या मातीचा वास आला.

"तुमचं बरं ऐकतो," तो म्हणाला. "काय सांगता त्याला?"

"काहीच नाही. वीज देते."

"म्हणजे वैर माझ्याशीच आहे."

"यंत्रं वैर धरत नाहीत."

"तेवढा एक गुण माणसांनी घेण्यासारखा," तो म्हणाला. मला हसू आलं. काका नव्या चष्म्यावरून बघत राहिले.

शुक्रवारी तो तिसऱ्यांदा आला. रकान्यात: 'बहुधा दोष माझ्यातच असावा.' माझ्या तपासणीच्या कार्डावर बोर्ड पुन्हा एकोणीस सेकंदांत सुरू झाला. काकांनी भिंतीवरच्या नियमावर बोट ठेवलं. तीन वेळा परत आणि तिन्ही वेळा दोष नाही, तर त्या गिऱ्हाइकाला पुन्हा बोर्ड द्यायचा नाही. गावात असे बोर्ड विकणारं दुसरं दुकान नव्हतं, आणि बाहेरून मागवायला आठवडा लागला असता. सोमवारी एक तारीख.

तो समजून चुकला होता. मी पेन हातात घेऊन बसून राहिले, तसा तोच म्हणाला, "सही करा. माझ्यासाठी खोटं लिहू नका."

"मी कुणासाठीच खोटं लिहीत नाही."

"माहीत आहे. तेच तर..." तो खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "तेच तर आवडलं मला."

काकांना अचानक दुकानाच्या दुसऱ्या टोकाचं काम आठवलं. मी सही केली नाही. दोन दिवस थांबा म्हटलं, आणि खोका घरी नेला.

माझे बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी मापं घेतली, संगणकाला कधी बोट लावलं नाही. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, यात लिहिलंय तेवढंच करा, मी एक शब्द बोलणार नाही. बाबांनी चष्मा पुसला. कार्ड सरकवलं, केबल जोडल्या, वीज दिली. ओळी धावल्या. पाचवी पायरी: 'नाव लिहा. मग पासवर्ड लिहा आणि एंटर दाबा.' नाव उमटलं. पासवर्डाचं पहिलं अक्षर त्यांनी दाबलं आणि थांबले. पुन्हा दाबलं. कीबोर्ड उचलून हलवला.

"मेला गं हा," बाबा म्हणाले. "आत्ता तर चालत होता."

"मेला नाही, बाबा. पासवर्ड दिसतच नाही. ठिपकासुद्धा येत नाही, आपण लिहीत राहायचं आणि..."

बाबांनी पत्रक उजेडाकडे धरून पुन्हा वाचलं. "हे यात कुठे लिहिलंय?"

"तिला माहीत होतं ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग कशाला लिहील?"

माझं तपासणीचं कार्ड पासवर्ड विचारतच नाही. म्हणून लोक कुठे अडतात ते तीन वर्षं मला दिसलंच नाही. आणि माझे सगळे प्रश्न यंत्राविषयीचे होते. तुम्ही काय केलंत, हा प्रश्न त्यांत नव्हता.

शनिवारी सकाळी मी जुने फॉर्म काढले. 'ऐकत नाही', 'गोठतो', 'कीबोर्ड घेत नाही' असे सत्तावीस जण सापडले. सगळ्यांखाली माझी सही, दोष आढळला नाही. त्यांतलं कुणीही पुन्हा आलं नव्हतं. माळ्याच्या फॉर्मवर खूण करायला दोनच चौकोन होते: बोर्डात दोष आढळला, किंवा नाही. मी खाली हाताने लिहिलं: 'दोष पत्रकात, पाचवी पायरी. पत्रक लिहिणारी मी.' आणि सही केली. त्याला सत्तावीस जुने फॉर्म जोडले.

"साहेब वाचतील हे," काका म्हणाले.

वाचू देत, मी म्हटलं. काकांनी गठ्ठा नीट करून वरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि काही वेळाने बागेत कसं जायचं ते विचारलं नसताना सांगितलं.

रविवारी सकाळी दहा वाजता मी खोका घेऊन काचघरात पोचले. काचांवर आतून बाष्प जमलं होतं. वरून एखादा थेंब निसटायचा आणि पानापानावरून खाली यायचा. मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी होती, हे दोनदा सांगितलं. तो रागावेल अशी माझी तयारी होती. त्याने बाकावरच्या कुंड्या सरकवून जागा केली आणि मला स्टूल पुसून दिलं.

बोर्ड त्याने स्वतः जोडला. ओळी धावल्या, थांबल्या. नाव लिहिलं.

"आता लिहीत राहा," मी म्हटलं. "काही दिसणार नाही."

"पण पोचतं?"

"पोचतं."

एका बोटाने, ओठ हलवत, त्याने पासवर्ड लिहिला. एंटर. काळ्या पडद्यावर नवी ओळ उघडली आणि कर्सरचा चौकोन लुकलुकू लागला. शेजारच्या कुंडीतलं एक पान त्याने उगाचच सरळ केलं.

तापमापक जोडायला, नोंदीची आज्ञा लिहायला तास गेला. सव्वाअकरा वाजता पहिली नोंद पडली: तेवीस पूर्णांक चार. एक तारखेला बारा तास पंचेचाळीस मिनिटं बाकी होती आणि यंत्र आधीच कामाला लागलं होतं. माझं काम संपलं.

"दुसरी येते का बघून जा," तो म्हणाला. ते रास्त होतं. दुसरी आली. तिसरीपर्यंत त्याने मला नेच्यांची ओळख करून दिली. त्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, म्हणून लोक फार थांबत नाहीत म्हणाला. चौथी आली तेव्हा आम्ही दोघंही पडद्याकडे बघत नव्हतो. सातवी नोंदही नेमक्या वेळेला पडली. आता मात्र थांबायला कारण उरलं नव्हतं.

"निघते मी," दाराशी येऊन मी म्हटलं.

"हं. जा..." तो म्हणाला, आणि कानामागे खाजवत हसला. "जा म्हणणं सोपं आहे. तू असो, तुम्ही असो, शब्द एकच. पण परत बोलवायचं, तर 'या' म्हणायचं की 'ये'... ते ठरवावं लागतं."

"मग ठरवा."

त्याने हात पँटला पुसले. एकदा पुसून झाले, तरी पुन्हा पुसले. काचेवरून एक थेंब सावकाश खाली आला, तो पूर्ण उतरेपर्यंत आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.

"ये," तो म्हणाला.

"येते," मी म्हटलं, आणि दाराच्या आतच उभी राहिले.