दोघींनी सोडलेला घास

“मला नको, मी कामावर खाऊन आलेय,” असं म्हणत थोरलीनं आपल्या पानातलं अर्धं अंडं बशीत परत ठेवलं, पाण्याचा घोट घेतला आणि ती उठली; तिच्या पाठीवर सासूची नजर अशी रुतली, की त्यापेक्षा इस्त्रीचा चटका परवडला!

कामावर ती काय खाऊन आली होती? वाफ. लॉन्ड्रीत दिवसभर परक्यांच्या चादरींवर इस्त्री फिरवणाऱ्या बाईला फुकट मिळतं ते एवढंच.

धाकट्या जावेला दिवस गेले, सरकारी दवाखान्यात तिचं नाव लागलं आणि दूध, अंडी, फळं घेण्यासाठी तिच्या खात्यात सरकारचे पैसे येऊ लागले. पैसे वेळेवर यायचे, जिन्नसही यायचे. त्यात कुणी खोट काढू नये. खोट होती ती सासूबाईंच्या न्यायात. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलेल्या त्या बाईनं दोन मुलं वाढवली ती एका नियमावर: घरात जे येईल त्याचे सारखे वाटे, एकट्यानं कुणी खायचं नाही. त्याच नियमानं दोन संसार एका चुलीवर टिकले होते. सरकारनं पैसे पाठवले एका पोटासाठी. सासूबाईंनी त्यात सगळ्यांची पोटं बसवली.

थोरली एकदा म्हणाली होती, “आई, ते तिच्यासाठी आहे हो. तिलाच पुरं द्या.”

“आणि बाकीच्यांनी तोंडं बघत बसायचं? उद्या तुम्हा जावाजावांत जुंपली, तर सरकार येणार आहे का सोडवायला?”

तेव्हा थोरलीनं मनातल्या मनात आपला हिशेब मांडला. आपण आपला वाटा सोडला तर तो जाईल कुठं? धाकटीच्याच पानात. उघड सांगितलं तर ती पोर हात लावायची नाही, म्हणून हे रोजचं कामावर खाऊन येणं... तिची स्वतःची कूस दोनदा भरली होती आणि दोनदा रिती झाली होती. तेव्हा तिच्या पानात काय होतं, हे ना सरकारनं विचारलं होतं, ना घरानं. या खेपेला तरी घरात पाळणा हलावा, मग तो कुणाच्या का नावाचा असेना, एवढंच त्या व्याकूळ जिवाचं मागणं होतं.

हिशेब चोख होता. फक्त त्यात सासूला धरायचं राहिलं होतं. दोनदा रिकाम्या हातांनी परतलेली बाई गरोदर जावेच्या शेजारून रोज उठून जाते, याचा अर्थ सासूबाईंनी आपल्या अकलेनं लावला, आणि एका दुपारी धाकटीला जवळ बसवून सांगितला. “तिला बघवत नाही गं. तिच्यासमोर जरा जपून खात जा. उगाच कशाला कुणाचा जीव जाळायचा?”

धाकटी मुळातच हळवी. आपल्या घासानं ताईंचा जीव जळतो, या विचारानंच तो घास तिच्या घशात अडू लागला. अंडं पुढं आलं की तिला वास यायचा, दूध आलं की मळमळायचं. थोरलीचा नवरा ट्रक घेऊन कायम बाहेरगावी. मग एकीनं सोडलेलं, दुसरीनं सोडलेलं, सगळं पडायचं धाकट्या मुलाच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या पानात, कारण अन्न वाया घालवायचं नाही हाही घरचाच नियम. तो आज्ञाधारक मुलगा मान खाली घालून खायचा. घरात पोट दिसू लागलं ते आधी त्याचं!

दवाखान्यात नर्सनं धाकटीला वजनकाट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे.

“पैसे मिळतात ना? मग खातं कोण?”

धाकटा पट्टा सावरत दाराबाहेर गेला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी थोरलीला उंबऱ्यातच गाठलं. “मोठे, तुझं दुःख मला कळतं. पण तिच्या घासावर तुझी नजर नको.”

थोरलीच्या ओठांवर सगळं आलं होतं... पण बोललं की धाकटीला कळणार, आणि कळलं की ती वाटा परत ढकलणार. दुसऱ्या दिवसापासून थोरली सगळ्यांची जेवणं उरकल्यावरच घरी येऊ लागली, म्हणजे नजरेचा प्रश्नच नको. ताईंना आता आपलं तोंडही बघवत नाही, असं धाकटीला वाटलं, आणि होता तो घासही आटला.

बाळ दिवस भरायच्या आत आलं. मुलगी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि पेटी तिला फार मोठी होत होती.

थोरली कामावरून तशीच दवाखान्यात धावली. ती आत येताना दिसताच धाकटीनं पुढ्यातलं ताट घाईघाईनं चादरीखाली सरकवलं.

“अगं, जेव ना. लपवतेस काय?”

“नको ताई. तुम्हाला त्रास होतो ना, मी खाताना बघून.”

“कोण म्हणालं?”

धाकटीची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या सासूकडे गेली. थोरली पलंगाच्या कडेला टेकली.

“वेडे, माझं तुझ्या पानात पडावं म्हणून उठायचे गं मी... उपाशी उठायचे.”

“आणि मी तुमच्यासाठी नाही खाल्लं, ताई.”

दोघींनी एकमेकींचे हात धरले. कुणी कुणाची समजूत घालायची तेच कळेना. स्टुलावरून सासूचा आवाज आला, पार खोल गेलेला. “मी सारखंच वाढत होते गं... देवाशपथ, सारखंच वाढत होते.”

तिला दोष देण्याइतकंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

थोरलीनं चादरीखालून ताट काढलं. “तुम्ही खाल्लं तरच,” धाकटी म्हणाली. मग एक घास तिला, एक घास आपण, असं करत दोघींनी ते निवालेलं जेवण संपवलं. मधल्या महिन्यांत जे पोटात जायला हवं होतं, ते मात्र आता कुठल्याच घासानं जाणार नव्हतं.

नर्स वाटी घेऊन आली. “बाळाला अंगावरचं दूध ओढता येत नाही अजून. काढून द्या, नळीनं घालू.”

धाकटीनं पाठ वळवली. बऱ्याच वेळानं वाटीच्या तळाला जेमतेम ओल धरेल एवढं दूध आलं.

“पुरेल का हो?” थोरलीनं विचारलं.

“आत्तापुरतं,” नर्स म्हणाली, आणि वाटी झाकून आत गेली.