तुळजाबाईंची बोटं

थापा मारण्यात माझी उमर गेली. पण माझ्या थापांत मी नेहमी शहाणा ठरतो; या गोष्टीत ठरत नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

साल चौऱ्याहत्तर. नागपुरात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. देवराव सरांनी काम दिलं, फोटोंची चित्रकथा. सोळा चौकटी. फोटो काढायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, बोलणं पांढऱ्या कागदाच्या फुग्यांत लिहायचं. ज्याचा पुठ्ठा पहिला, त्याला सदर भागातल्या एका जाहिरात कंपनीत नोकरी. जागा एकच.

मी फुटाळा तलावाच्या काठावर हेरकथा केली. हेर मीच, काळा चष्मा उसना. माझ्या वर्गातला जागेश्वर तांडापेठेतल्या कोष्ट्यांचा पोरगा. त्यानं आपल्या घरचा हातमाग घेतला. आजी सुताच्या कांड्या भरते, नातू शिकायला जातो, परत येऊन मागावर बसतो. बस, एवढंच. शेवटच्या चौकटीत दोघं मागापुढे उभे, तिचा हात त्याच्या खांद्यावर. तो फोटो तर मीच काढून दिला होता.

"नीट उभा राय नं गा," फोटोच्या वेळी त्याची आजी तुळजाबाई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् तू काहून असा पाहून राहिला? तुले आजी नाही का?"

नव्हती.

सरांनी दोन्ही पुठ्ठे पाहिले. माझ्या हेराला हसले. जागेश्वरच्या शेवटच्या चौकटीपुढे मात्र चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, "रुपराव, शीक याच्याकडून."

दुसऱ्या दिवशी निकाल. त्या दुपारी वर्गात कोणी नव्हतं. खिडकीवर ओली वाळ्याची ताटी, तिचा वास, बाहेर मे महिना. मी ब्लेड काढलं आणि जागेश्वरला त्या चौकटीतून कापून काढलं. हात स्थिर होता. खांद्यावरची चार बोटं तेवढी वेगळी होईनात. म्हटलं, जाऊ दे, आणि त्याच्यासोबतच कापली. दोन इंची जागेश्वर काडेपेटीत ठेवला. चौकटीत माणसाच्या आकाराचं भोक उरलं.

सकाळी भोक नव्हतं.

तो उभा होता तिथे माग दिसत होता, ताण्याचे धागे सलग. मी बोट फिरवलं. कागद गुळगुळीत, सांधा कुठेच नाही. खालच्या कोपऱ्यात नाव होतं रुपराव. अक्षर माझंच.

"सर, जागेश्वर आला नाही?"

"कोण जागेश्वर?"

मी हजेरीपट पाहिला. त्या नावाची ओळच नव्हती.

त्याच पुठ्ठ्यावर पहिला मी आलो. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तम. फक्त या बाईच्या शेजारी कोणीतरी हवं होतं बघ. जो नाही, त्याच्यावरून नजर हटत नाही."

आता सांगा. माणूस जगातून गेला, तरी शाबासकी त्याच्याच जागेला. मी त्या रिकाम्या जागेवर जळलो.

संध्याकाळी सायकल हाणत तांडापेठेत गेलो. तुळजाबाई ओट्यावर बसली होती. आत माग आणि एकच खाट. तिच्या उजव्या मनगटावर गोंदलेला विंचू तसाच होता, अंगठा होता. पुढे चार बोटं नव्हती. जखम नाही, वण नाही.

"आजी, हे कधी झालं?"

"मले आठवते तवापासून असंच हाय."

"अन् तुमचा नातू?"

"नातू कुठचा गा? मले लेकरूच झालं नाही, बापा." तिनं हात उलटसुलट करून पाहिला. "दुखत नाही. मले वाटते, बोटं कुठंतरी कामात हायेत."

नोकरी मी एकतीस वर्षं केली. पुठ्ठा वाळवीनं खाल्ला. काडेपेटी आहे.

कापली तेव्हा ती बोटं खांद्यावर नुसती टेकली होती.

दोन वर्षांनी उघडून पाहिलं. त्यांनी त्याचा शर्ट मुठीत धरला होता.

तुळजाबाई गेली, त्या वर्षी अंगठा आला. मी कापला नव्हता.

माझ्या खांद्यावर असा हात कोणी ठेवला नाही. म्हणून उघडतो, पाहतो, जळतो, बंद करतो.

यंदा मनगट आलं, विंचवासकट.

मी मोठी डबी आणून ठेवली आहे.