बुजवलेली खिडकी

हसतोस काय रे दानांग? चहा ओत आणि गप ऐक. पुर्वितो गवंडी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

गेल्या वर्षीची गोष्ट, क्लिवोनच्या शुक्रवारची आदली रात्र, भुताखेतं फिरतात म्हणतात ती. त्याची लेक वेनिंग क्लातेनकडच्या एका प्रसूतिगृहात नुकतीच बाळंत झालेली. जावई बोटीवर. पुर्वितो आल्याचा काढा घेऊन गेला. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून नर्सच्या टेबलाशेजारी बाकावर टेकला. समोर कोरी भिंत.

ती त्यानंच बांधलेली! आधी तिथे काचेची खिडकी होती. टेबलावरून नर्सला सगळ्या बाळंतिणी दिसायच्या. पण सासवांनी ओरड केली, "येणारा-जाणारा आमच्या सुनांना बघतो, काही लाजलज्जा?" मालकानं खिडकी बुजवायला लावली. आणि आपल्या बायका तर जीव गेला तरी ओरडायच्या नाहीत, घरची शोभा होते ना! मुर्नी नावाची पोर त्या भिंतीआड रक्त जाऊन मेली. नर्स अलीकडे बसलेली. हूं नाही की चूं नाही.

"पण आजोबा, गवंड्याचा काय दोष?"

तेच तो स्वतःला बजावायचा. तरी मुर्नीच्या घरावरून जाताना त्याची मान खाली जायची.

तर बसल्याबसल्या त्याचा डोळा लागला. कुणीतरी शेजारी उभं राहिलं. पोरसवदा बाई. अनवाणी.

"काका, बघा ना."

"नको गं. बायकांची खोली. शोभत नाही."

"बघा..."

त्यानं मान वर केली.

समोर काच.

पलीकडे वेनिंग. पांढरीफटक. ओठ दातांखाली. खाटेवरून रक्त... टप... टप...

आवाज नाही.

पुर्वितो बोंबलला. नर्स धावल्या. वाचली पोर, अगदी थोडक्यात.

वळून बघतो तर भिंत. बाई नाही.

सकाळी वेनिंग बापाकडे बघेना. "बाबा, असं खिडकीतून बघायचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि तुमच्याजवळ ती कोण रडत होती?"

मला हे सांगताना तो जमिनीकडेच बघत होता. म्हणाला, "लेकीला लाज वाटली, दादा. लाज मला वाटायला हवी होती, तीही मुर्नी गेली तेव्हाच."

त्याच दिवशी त्यानं भिंत फोडली. मालकाला विचारलंसुद्धा नाही. पदरच्या पैशानं कोरी काच बसवली.

त्या काचेवर वाफेचा डाग आहे. कुणी तोंड टेकून श्वास सोडावा तसा. आतल्या बाजूनं. नर्स पुसतात...

पुन्हा येतो.