चार वाजताची मोजणी

शिवानीची शाळा तीनला सुटते. माझी पाळी साडेपाचला संपते. कंपनी बोम्मसंद्र्याला, तिथल्या गर्दीतून बाहेर पडायला अर्धा तास धरला तर मी सहाला घरी. मधले तीन तास दहा वर्षांची मुलगी घरात एकटी. मी घर शोधत होतो ते त्या तीन तासांसाठी. बाकी घर कसंही चाललं असतं.

मी कृष्णात, मूळचा निपाणीचा. कंपनीत तयार माल तपासतो. भागाला गेज लावायचं, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला काढायचा. बावीस वर्षं हेच काम. माझी बायको शालन फेब्रुवारीत गेली आणि जूनमध्ये बंगळूरला बदली आली. नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती.

घरं दाखवायला संग्राम होता. आमच्याच भागातला, आठ वर्षं बंगळूरला आहे. येलहंका मला आवडलं, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. यशवंतपूरला संग्रामच्या शेजारी खोली रिकामी होती, पण खाली दिवसभर ट्रक. कंपनीजवळ परवडणारी घरं होती, तिथे मालक पहिला प्रश्न विचारायचे, "फॅमिली?"

मी सांगायचो, मी आणि मुलगी.

"लेडीज?"

वारली, म्हणालो की चेहरा बदलायचा. एकाने तर चहा पाजून मग नाही सांगितलं. असं चार ठिकाणी झालं.

"भावा, खरं बोलून तुला इथं गाडी लावायला पण जागा मिळायची नाही," संग्राम म्हणाला. "वहिनी गावाला हायत म्हण की."

"मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलू?"

"मग बोलू नको. पोरीला कुठं ठेवणार हायस? कंपनीच्या गेटवर?"

पाचवं घर आम्हाला शोधावं लागलं नाही. होसूर रोडपासून आत, कारखान्यांच्या मागे, जुन्या गावाची एक गल्ली शिल्लक राहिली आहे. अकरा घरं. गल्लीच्या तोंडाशी मारम्माचं छोटं देऊळ, त्याच्या शेजारी पिठाची गिरणी. एका निळ्या घरावर 'टू लेट'ची पाटी होती.

मी आधी गल्ली पाहिली. कोणत्याही खिडकीला जाळी नव्हती. बंगळूरला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीलाही जाळी असते. स्कूटरला किल्ली तशीच लटकत होती. दारांसमोर चपला ओळीने लावलेल्या होत्या. रांगोळ्या ताज्या होत्या, कुणाचा पाय लागलेला नव्हता. एका घराच्या पायरीवर सोन्याची बांगडी घातलेली म्हातारी दार सताड उघडं टाकून झोपली होती.

भाडं आसपासच्या निम्म्याने होतं. स्वस्त माल पुढे आला की मी त्यात दोष शोधतो, तशी सवयच आहे. भिंतींची ओल पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी ओढून पाहिली. दोष सापडला नाही. तेच मला पटलं नाही.

मालकीण धनलक्ष्मी. पन्नाशीची बाई, पलीकडच्याच घरात राहायची. ती कन्नडमध्ये बोलायची. मला निपाणीकडची कन्नड येते.

"भाडं एवढं कमी का, अक्का?"

"माणसं टिकावी म्हणून, अण्णा."

"इथे चोरी वगैरे?"

ती हसली. "या गल्लीतून काही जात नाही." मग हळदीची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसली आणि विचारलं, "एष्टु जना?" किती जण?

संग्रामने मला कोपर मारलं.

"मूवरु," मी म्हणालो. तिघं. "बायको गावी आहे. येईल मागून."

तिने बोट हळदीत बुडवून उंबऱ्यावर तीन रेघा ओढल्या. शालनचं नाव, आजार, कधी येणार, काहीच विचारलं नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

पहिल्या रविवारी मला तिथली पद्धत कळली. दुपारी चारला देवळाची अनुसूयम्मा अज्जी हातात पितळी घंटा घेऊन निघाली. वाकलेली, बहुतेक ऐंशीच्या पुढची. प्रत्येक दारासमोर थांबायची, एकदा घंटा वाजवायची आणि विचारायची, "एष्टु जना?" आतून कुणीतरी आकडा सांगायचं. ऐवरु, पाच. नाल्वरु, चार. की पुढचं घर.

"प्लेगच्या वेळेपासून चाललंय," धनलक्ष्मी म्हणाली. "तेव्हा रोज मोजायला लागायचं. कुणी उठलं नाही तर कळावं म्हणून."

"आता कशाला?"

"आता सवय. तुमची मुलगी एकटी असते ना? रोज चारला कुणीतरी दारात येऊन विचारणार. वाईट आहे का?"

वाईट नव्हतं. दुसऱ्या कुठल्या वस्तीत हे मिळालं नसतं. मी शिवानीला बजावलं, अज्जीने विचारलं की आतूनच मूवरु म्हणायचं.

"पण आपण दोघंच आहोत," शिवानी म्हणाली.

"मम्मीला धरून."

तिने मान खाली घातली. त्या आठवड्यात मी घरी यायचो तेव्हा तिचे डोळे सुजलेले असायचे. मलाही कळत होतं की मी काय करायला लावतोय. पण घर जाईल याची भीती जास्त होती.

पंधरा दिवसांनी ती रडायची थांबली. जेवायला लागली. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढं हसायला लागली. मला बरं वाटायला हवं होतं.

मग शाळेची डायरी हातात आली. रोजच्या गृहपाठाखाली पालकांची सही लागते. मी बरेच दिवस केली नव्हती, विसरलोच होतो. सह्या सगळ्या होत्या. माझ्याच.

"खोट्या सह्या करतेस?"

"तुम्हीच केल्या ना, पप्पा."

मी कंपनीतलं भिंग घरी आणलं. क काढताना माझा हात किंचित अडखळतो, अंगठ्याला जुनी जखम आहे. प्रत्येक सहीत ते अडखळणं होतं. कागदाच्या मागच्या बाजूला पेनाचा दाबही तसाच उमटला होता. दहा वर्षांच्या मुलीला हे जमणार नाही. म्हणजे करणारा मोठा माणूस होता. म्हणजे मी नसताना माझ्या घरात कुणीतरी मोठा माणूस येत होता.

मी तिला समोर बसवलं. आवाज चढू दिला नाही.

"दुपारी घरी कोण येतं?"

"तुम्ही."

"मी सहाला येतो, शिवा."

"तेव्हा पण येता."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मम्मी येते?"

"नाही," ती म्हणाली. "मम्मी नाही येत."

मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याची लाज वाटली.

सकाळी धनलक्ष्मी तुळशीला पाणी घालत होती. मी सरळ विचारलं, "माझ्या घरात दुपारी कुणी पुरुष येतो का?"

"इथे परका कोण येणार, अण्णा? तुम्हीच असता की. पोरीचा अभ्यास घेता. चांगला बाप आहात."

"मी कामावर असतो."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं, आणि पाणी घालत राहिली.

गल्ली त्याला लपवतेय अशी माझी खात्री झाली. जाळी नसलेल्या खिडक्या, उघडी दारं, एकमेकांवर इतका विश्वास असलेली माणसं. अशी माणसं एकत्र मिळून काहीही लपवू शकतात.

गुरुवारी मी अर्धी सुटी घेतली. अडीचला गिरणीत जाऊन बसलो. तिथून आमचं दार आणि गल्लीचं तोंड दोन्ही दिसतं. गल्लीला मागून वाट नाही, कारखान्याची भिंत आहे. गिरणीवाल्याने मला पाहिलं आणि दळण चालू ठेवलं.

अडीच ते तीन कुणी आलं नाही. आमच्या दाराला मी सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं.

सव्वातीनला शिवानी आली. गळ्यातल्या किल्लीने कुलूप काढलं, आत गेली, दार लावून घेतलं.

साडेतीनला तिचं हसणं ऐकू आलं. गोष्ट सांगताना मधेच हसावं तसं. कुणालातरी सांगताना.

दार उघडलं नव्हतं. मी नजर हलवली नव्हती.

चारला अनुसूयम्मा देवळातून निघाली. पहिलं घर. दुसरं. तिसरं. आमच्या दारासमोर थांबली.

घंटा वाजली.

"एष्टु जना?"

"मूवरु," आतून माझा आवाज आला.

निपाणीच्या कन्नडचा माझा हेल. शेवटी थोडा घसा बसतो, तोही तसाच.

अज्जीने मान हलवली. मग वळून गिरणीकडे, माझ्याकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती पुढच्या घराकडे गेली.

मी धावलो. दारावर हात आपटले. शिवानीने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

मी आतली खोली पाहिली. कॉटखाली पाहिलं, मोरी पाहिली, माळ्यावर चढलो. कुणी नव्हतं. चटईवर गणिताची वही उघडी होती. भागाकार माझ्या अक्षरात अर्धा सोडवलेला. बाकी यायची होती.

त्याच संध्याकाळी धनलक्ष्मीला सांगितलं, उद्या घर सोडतो. तिने कारण विचारलं नाही. डिपॉझिट परत देते म्हणाली.

"किती जण जाणार?"

"दोघं. आम्ही दोघंच आलो होतो, अक्का. मी खोटं बोललो. माझी बायको वारली आहे."

"तुम्ही तीन सांगितलंत."

"चूक झाली."

"इथे आकडा कमी होत नाही, अण्णा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "म्हणून तर तुम्ही ही गल्ली निवडलीत ना? पोरीला काही होऊ नये म्हणून?"

ती रात्र आम्ही दिवा न मालवता एका खोलीत काढली. शिवानीला जायचं नव्हतं. पहाटेपर्यंत रडत होती. इथे तुम्ही लवकर येता, म्हणत होती. सकाळी मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो.

यशवंतपूरची खोली संग्रामने धरून ठेवली होती. तो ड्यूटीवर होता, त्याने टेम्पो पाठवला. टेम्पोवाला मानसिंग राजस्थानचा. त्याला गल्ली सापडेना, म्हणून मी त्याला आणायला मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. जास्तीत जास्त दहा मिनिटं. परत आलो तेव्हा शिवानी दाराबाहेर बॅगेवर बसली होती. केस विंचरलेले, बूट घातलेले. मी हुश्श केलं.

सामान फार नव्हतं, पण कपाट दारातून निघेना. ते काढण्यात तीन-साडेतीन तास गेले. मानसिंग आत-बाहेर करत होता. मी बाहेर टेम्पोत दोऱ्या बांधत होतो. शिवानी बॅगेवरून उठलीही नाही. दार बंद करून कुलूप घालायचं काम मी मानसिंगवर सोपवलं नाही. आत न पाहता मीच घातलं. पुन्हा आत पाहायची माझी इच्छा नव्हती.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही निघालो. शिवानी आमच्या दोघांच्या मध्ये बसली. टेम्पो देवळापाशी आला तेव्हा अनुसूयम्मा पायऱ्या उतरत होती. रस्त्यावर जागा होईपर्यंत आम्हाला थांबावं लागलं.

मागे घंटा वाजायला लागली. एक घर. दुसरं. तिसरं.

मी आरशात पाहिलं नाही.

"एष्टु जना?"

बंद घरातून उत्तर आलं. आवाज लहान मुलीचा होता. रडून बसलेला.

मानसिंगने गाडी बंद केली.

"सर, दूसरी बच्ची को नहीं लेना?"

"कौन दूसरी?"

"वही, जो किचन में बैठी थी। कब से रो रही थी।" त्याने माझ्याकडे पाहिलं. "आपने ताला लगा दिया, सर."

मी टेम्पोच्या दाराच्या कडीला हात घातला. माझी बाही कुणीतरी धरली. जोरात नाही.

"होगोणा, अप्पा," ती म्हणाली. चला, जाऊया.

शिवानी मला पप्पा म्हणते.