एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

त्याच्या मोटरसायकलने उडवलेली धूळ माझ्या लोण्यात पडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

सकाळपासून घुसळून माझे दंड भरून आले होते. शियाच्या बियांचं लोणी आत्ता कुठे पांढरंशुभ्र वर यायला लागलं होतं... आणि हा बाबा नेमका आमच्या छपरीसमोर करकचून ब्रेक लावतो!

"डोळे घरी ठेवून आलात का?" मी ओरडले.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पापण्यांवरसुद्धा लाल धूळ. "माफ करा... मी नाशिरू. कुमासीच्या विद्यापीठातून आलोय. घरात बायकांच्या शब्दाला किती वजन असतं, त्याचा अभ्यास करतो."

"झाला ना अभ्यास? आता बसा, आणि ही धूळ निवडून द्या."

आमच्या लोणी काढणाऱ्या गटातल्या चौदाजणी पोट धरून हसल्या. आणि तो... खरंच बाह्या सरसावून बसला! त्याच क्षणी माझं काहीतरी चुकलं असावं.

तो आमच्याच जमातीतला, दागोंबा. पण त्याच्या जन्माआधीच आईवडील दक्षिणेला कुमासीत गेलेले. त्यामुळे आमची भाषा तो अडखळत बोलायचा आणि आमच्या चालीरीती वहीत लिहून पाठ करायचा. प्रत्येकीसाठी त्याच्याकडे चाळीस प्रश्न होते. हाच अभ्यास करणाऱ्या त्याच्या बरोबरच्या एक बाई तामाले शहरात उतरल्या होत्या.

"सनातू, बकरी विकायची तर घरात कोण ठरवतं?"

"मी."

"छपरावर नवे पत्रे घालायचे तर?"

"बा."

"तुम्ही दवाखान्यात कधी जायचं, हे?"

"ताप ठरवतो."

तो हसला. उजव्या गालावर खळी पडली. "असं लिहिता येत नाही हो."

"मग ऐकून ठेवा."

एकतिसाव्या प्रश्नाला मात्र माझी जीभ अडली. तुमचं लग्न कुणाशी व्हावं, हे कोण ठरवतं? चोविसाव्या वर्षापर्यंत दोन स्थळं परत गेली होती. मी दोन-दोन दिवस जेवले नव्हते म्हणून बा नरमले होते. त्याला ठरवणं म्हणतात का?

"पुढचा," मी म्हटलं.

"कोरा नाही ठेवता येत."

"मग पुन्हा या कधीतरी."

आणि तो आला. मंगळवारी आला, गुरुवारी आला, पुढच्या मंगळवारी आला. "तो एकतिसावा राहिलाय..." म्हणत दारात उभा राहायचा, आणि मी म्हणायची, "आज नाही." मंगळवार-गुरुवार सकाळी मी टाचांना लोणी चोळायला लागले होते. हे कुणाला सांगू नका.

आझारा आत्याला सांगायची गरज नव्हती. "कागद घेऊन आलेला माणूस कागदाकडे बघतो," ती म्हणाली. "हा कुठे बघतो, ते मला दिसतंय." मग तिने त्यालाच गाठलं. "आमच्या पोरीशी तास-तास बोलतोस. घरच्या मोठ्या माणसाला रीतसर भेटलास का रे?"

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी मी छपरीत घुसळत होते. अचानक बाहेर बायकांनी जिभा हलवून आरोळ्या दिल्या... अशा आरोळ्या आम्ही फक्त लग्नाला देतो. आझारा आत्या नाचतच आत आली आणि माझ्या हातात कोलाची बी कोंबली.

"कुणाचं ठरलं?" मी विचारलं.

"अगं, तुझं!"

माझा हात पातेल्यातच राहिला. आमच्याकडे कोला घरोघर वाटली की लग्न पक्कं. पत्रिका लागत नाही. आणि कोला तर गावभर गेली होती! सकाळी म्हणे नाशिरू पट्ट्यापट्ट्यांचा नवा अंगरखा घालून बांसमोर बसला, बारा कोला पुढे ठेवल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या मुलीसाठी आलोय. तिच्याजवळ निवांत बसायचंय, तिच्या मनातलं सगळं जाणून घ्यायचंय. तुमची परवानगी असेल तर." बांनी तिथल्या तिथे तीन कोला खाल्ल्या आणि उरलेल्या तुकडे करून वाटायला पाठवल्या.

हा माणूस! कोण ठरवतं, कोण ठरवतं, म्हणून तीन आठवडे माझं डोकं खाल्लं, आणि मला एका शब्दाने न विचारता सरळ बांकडे गेला?

तेवढ्यात तो आलाच. हातात कागद, चेहरा फुललेला. "परवानगी मिळाली! आता एकतिसावा—"

मी तांब्याभर पाणी त्याच्या नव्या अंगरख्यावर फेकलं. "तू कोण रे मला मागणारा?"

"मागणारा...?" चष्म्यावरून पाणी गळत होतं. "मी तर मुलाखतीची परवानगी..." मग त्याला कोला चघळणाऱ्या चौदाजणींचे गाल दिसले. तो मटकन पालथ्या घमेल्यावर बसला. "बाजारात विचारलं, मोठ्या माणसाकडे जाताना काय नेतात. कोला, म्हणाले."

"आणि पोरीचं नाव घेऊन नेतात?" आत्याने कपाळावर हात मारला.

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. घडीभरापूर्वी त्याने मला मागितलं म्हणून मी पेटले होते. आता मागितलंच नव्हतं म्हणून डोळे भरून आले. माझं मलाच कळेना.

"म्हणजे... नुसती चूक," मी म्हटलं.

तो चष्मा काढून पुसत राहिला. मी पदर झटकून निघून गेले.

दुपारच्या नमाजानंतर बांनी कडुनिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. मी आत्याच्या मागे उभी होते. त्याने चूक म्हटलं, तर कोला परत जाणार, आणि जिची कोला परत जाते तिच्या दारी पुन्हा कुणी येत नाही. चूक नाही म्हटलं, तर त्याचा अभ्यास बुडणार. जिचे शब्द लिहायचे तिच्यात गुंतायचं नाही, हा नियम त्यानेच मला पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता.

"बोल पोरा," बा म्हणाले. "कोला चुकून आली का?"

नाशिरूचा अंगरखा अजून ओला होता. "चूक झाली, बा. आधी तुमच्याकडे आलो, ही चूक झाली. आधी तिला विचारायला हवं होतं." मग अगदी हळू म्हणाला, "तो एकतिसावा प्रश्न दुसरं कुणीही विचारून गेलं असतं. मलाच तो संपवायचा नव्हता..."

मी आत्याच्या खांद्यावरून डोकावले. तोवर त्याने पिशवीतून माझे कागद काढले होते. "हिचे कागद मी फाडतोय. हिच्याबद्दल परक्यासारखं आता लिहिता येणार नाही."

"थांब!"

माझाच आवाज. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत! बांनी आ वासला.

"माझे शब्द आहेत ते," मी पुढे झाले. "फाडायला मला विचारलंस? एका दिवसात दुसऱ्यांदा?"

त्याने कागद छातीशी धरले. "मग... काय करू?"

"सगळ्यांचे कागद तामालेला तुझ्या बरोबरच्या त्या बाईंकडे दे. आमच्या गावाचं त्या लिहितील."

"आणि मी? नवं गाव, पुन्हा पहिल्यापासून?"

"हो. जमेल का, बघ."

त्याने फार वेळ बघितलं. कागदाकडे नाही. "मोटरसायकलने तासाभरात येता येईल, असं गाव शोधतो," तो म्हणाला.

हसू दाबायला मी ओठ चावला. "आता विचार."

"काय?"

"एकतिसावा."

या वेळी त्याने कागद बघितला नाही. "सनातू... तुझं लग्न कुणाशी व्हावं, हे कोण ठरवतं?"

पदराच्या गाठीत आत्याने दिलेली कोला तशीच होती. मी ती काढली, दाताने तोडली... कडूजहर! अर्धी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"मी," मी म्हटलं.

"आणि मी खाल्लेल्या तीन?" बांनी विचारलं.

"त्या तुम्ही खाल्ल्यात, बा."

बायकांच्या आरोळ्यांनी कडुनिंबावरचे पक्षी उडाले. कोला चघळून नाशिरूचं तोंड वाकडं झालं होतं. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकतिसाव्यापुढे माझं उत्तर लिहिलं. मी वाकून, नीट वाचून, बरोबर लिहिलंय की नाही ते पाहिलं.