सोशीक

निवृत्तीनंतर घरबसल्या कोणती ऑनलाइन फ्रँचायझी घ्यावी, यावर जयसिंगपूरच्या शिरगुप्पे नवराबायकोत महिनाभर खल चालला होता. ड्रोनने औषधफवारणीचा धंदा पद्मजाबाईंनी पहिल्याच दिवशी उडवून लावला. किडामुंगी मारून त्यांना पोट भरायचं नव्हतं. केकचा धंदा अंड्यापायी गेला, चपलांचा कातड्यापायी. उरलं ते 'रागनिचरा केंद्र'.

"यात रबराखेरीज कुणाला लागत नाही," सुकुमार म्हणाले. "एकाही जिवाला धक्का नाही. आपल्यासाठीच काढलाय म्हण की."

म्हणून आज सकाळी, जैन बस्तीत दर्शन उरकून, पद्मजाबाई पहिल्या खऱ्या ग्राहकावरच्या चाचणीसाठी मागच्या खोलीत बसल्या. खुर्चीला एक पुतळा बांधला होता; कंपनी त्याला सोशीक म्हणायची. त्याच्यापुढे यंत्राचे दोन हात. ग्राहक आपल्या घरी दूरहातमोजे चढवायचा आणि तो तिथे जे करेल ते हे हात इथे करायचे. काय फाटलं, काय मोडलं, ते मोज्यांतून त्याच्या बोटांना कळायचं. त्याने फोटो पाठवला की पुतळ्याच्या कातडीवर तोच चेहरा उमटायचा. पद्मजाबाईंनी फक्त लक्ष ठेवायचं, यंत्र तापलं तर लाल बटण दाबायचं आणि मोडलेले भाग बदलायचे.

पुतळ्याचे गाल हलले, नाक वर आलं, आणि खुर्चीत त्यांची लेक मृदुला बसली.

पहिल्याच ठोशात तिचा ओठ फाटला. रबराखालचा लाल रंग हनुवटीवरून ओघळला.

"तोंड वर करून बोलतेस?" यंत्रातून आवाज आला. तो जावयाचा होता, गाळल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्या अभिनंदनचा. एका हाताने केस धरून डोकं मागे ओढलं, दुसऱ्याने डावं मनगट पिरगाळलं. आतलं हाड काडकन मोडलं. मागच्या महिन्यात मृदुला त्याच हाताला प्लास्टर घालून आली होती, मोरीत घसरले म्हणाली होती. तेव्हा आपण जास्त विचारलं नाही, याची पद्मजाबाईंना भयंकर लाज वाटली.

त्यांनी लाल बटणाकडे हात नेला.

"थांबा," पडद्यावरून कंपनीची प्रशिक्षिका म्हणाली. "मध्येच तोडलं तर ग्राहक उरलेला राग घरात काढतात."

"आणि पुरतं झालं तर काढत नाहीत?"



पद्मजाबाईंनी मुलीला फोन लावला. "अभिनंदन कुठं आहेत?"

"वरच्या खोलीत. दार लावून मीटिंग चाललीय. का गं?"

"चपला घाल आणि आहेस तशी बाहेर पड. काही विचारू नकोस."

"अगं, गॅसवर दूध आहे."

"जाऊ दे उतू."

आवाजाने सुकुमार धावत आले. खुर्चीतला चेहरा बघून ते वायर उपटायला वाकले, तोच पद्मजाबाईंनी त्यांचा हात धरला.

"अहो, नका. मारू द्या. ती बाहेर पडेपर्यंत त्याला इथंच गुंतू द्या."

सुकुमार भिंतीला टेकून खाली बसले. यंत्राचा अंगठा मृदुलाच्या डोळ्यात शिरला. मग दोन्ही हातांनी गळा आवळला, मान एका बाजूला कलली. पद्मजाबाईंनी नजर काढली नाही. त्यांचे कान फोनला चिकटले होते.

"आई, बाहेरच्या दाराची वरची कडी घट्ट बसलीय. निघत नाहीये."

इथे यंत्राचे हात गळ्यावरून सुटले आणि खाली लोंबकळले. पडद्यावर अक्षरं आली: ग्राहकाने मोजे काढले आहेत.

फोनमध्ये जिन्यावरची पावलं वाजू लागली. मग कडी वाजली की दार, ते कळलं नाही.

"मृदुला," पद्मजाबाईंनी हळूच विचारलं, "तू दाराच्या कुठल्या बाजूला आहेस?"